मल्टिप्लायमधल्या भेगा

मेमध्ये दिग्रसला मामाकडे गेले होते. त्याच्या बी-बियाण्यांच्या दुकानाची वेबसाइट करून देईन, असं केव्हाचं कबूल केलेलं. बॅनरला मस्त मातीचं टेक्श्चर द्यायचं, हा माझा फंडा. नेटवर सापडलेली माती सगळी लालसर. आपली यवतमाळची काळी कुठाय? मग काय, मोबाइल घेऊन थेट शेतात! भेगांचा फोटो काढला, फोटोशॉपमध्ये त्यातला रंग काढून टाकला, हिरव्या पट्टीवर लेयर ठेवला, मोड ‘मल्टिप्लाय’. यात पांढरं नाहीसं होतं, काळं तेवढं उरतं. भेगा एकदम सही उठल्या!

मामा बघून गप्प. मग म्हणाला, “पोरी, हा फोटू कोणत्या महिन्यातला?”

“आत्ताचाच की.”

“तुले माहीत हाय. गिऱ्हाइकाले?”

काळी माती भिजली की फुगते, वाळली की आकसते. मेमधल्या भेगा दरवर्षीच्याच. पण ऑगस्टमधल्या म्हणजे पावसानं दगा दिला, पेरलेलं बियाणं वाया. आणि मी त्या बियाणेवाल्याच्याच नावाखाली लावल्या होत्या.

रात्री लेयर उडवला. मामीच्या उशीतला कापूस काळ्या कापडावर ठेवून फोटो काढला. मल्टिप्लायमध्ये दिसेचना, पांढरा ना तो! मोड ‘स्क्रीन’ केला, तेव्हा कुठे उमटला.