कोकम सोडा आणि वाशिष्ठीची साखळी

२०२३च्या संक्रांतीला आमच्या रिकार्टनच्या घरी पाच-सहा मराठी कुटुंबं तिळगुळासाठी जमली होती. इथे जानेवारी म्हणजे ऐन उन्हाळा. आईने चिपळूणहून दिलेली अमृत कोकमची बाटली होती, म्हणून कोकम सोडा करायचं ठरलं. मी दुकानात गेलो, तर सोडाच नाही. दुकानदार म्हणाला, ‘गॅस मिळत नाहीये.’ शेवटी साध्या पाण्यात सरबत केलं. पण प्रश्न डोक्यात राहिला: अख्ख्या देशातला सोड्याचा गॅस संपतो कसा?

नंतर उलगडा झाला. न्यूझीलंडमध्ये तेल शुद्ध करणारा एकच कारखाना होता, उत्तरेला मार्सडेन पॉइंटला. १९६४ पासून चालू. आशियातल्या मोठ्या कारखान्यांपुढे तो परवडेना, म्हणून २०२२च्या मार्चअखेर शुद्धीकरण थांबवलं आणि तिथे तयार पेट्रोल-डिझेल उतरवायला सुरुवात झाली. पेट्रोल मिळत राहिलं, त्यामुळे सामान्य माणसाला फरक जाणवला नाही. पण त्या कारखान्यात जोडउत्पादन म्हणून कार्बन डायऑक्साइडही निघायचा. तो बंद झाल्यावर खाद्यपदार्थांसाठीचा हा वायू देशात तयार करणारं एकच मोठं ठिकाण उरलं, तारानाकीतलं कापुनी. डिसेंबर २०२२च्या अखेरीस सुरक्षेच्या कारणाने तेही काही काळ थांबलं. मग बिअर, शीतपेयं, मांसाचं पॅकिंग, सगळ्यांचीच धावपळ.

मी सॉफ्टवेअरवाला. आमच्याकडे जुना प्रोग्राम बंद करण्याआधी त्यावर आणखी काय काय चालतंय याची यादी काढतात. यादी न काढता बंद केला, तर रात्री दोनला फोन येतो. कारखान्यांचंही तसंच आहे. एकाची टाकाऊ वस्तू हा दुसऱ्याचा कच्चा माल असतो आणि ही कडी तुटेपर्यंत कोणाला दिसत नाही.

हे सगळं वाचताना मला आठवत होती ती आमची वाशिष्ठी. या एका नदीच्या खोऱ्यात काय नाही? वर पोफळीला कोयनेची वीज. १,९६० मेगावॉटच्या या प्रकल्पाचं अवजल वाशिष्ठीतच येतं. मध्ये लोटे-परशुरामची रासायनिक वसाहत, जिथे माझ्या काकांनी उभी नोकरी केली. नदीच्या मुखाशी अंजनवेलला गॅसवरचा वीजप्रकल्प आणि जहाजातून द्रवरूप नैसर्गिक वायू उतरवायचं टर्मिनल. आणि २०१६च्या कायद्याने दाभोळ खाडी-वाशिष्ठी हा राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक २८ ठरलाय. ऊर्जा, रसायनं आणि जलमार्ग, तिन्ही एका नदीवर. एवढं सगळं एकत्र मिळायला इतर देश पैसे मोजतात.

पण साखळी कुठेय? अंजनवेलचा गॅस नळातून थेट बंगळुरूपर्यंत जातो, आणि तिथे लाटा अडवणारा बांध अपुरा असल्यामुळे कित्येक वर्षं पावसाळ्यात गॅसची जहाजंच लागत नसत. लोट्याचा माल महामार्गावरून जातो, आणि परशुराम घाटात दरड आली की टँकर जागच्या जागी. कोयनेचं पाणी समुद्राला मिळतं. प्रत्येकाचं खातं वेगळं, फाईल वेगळी.

खाडीतून मालवाहतूक होऊ शकते हे रायगडमध्ये सिद्ध झालंय. डोलवीच्या पोलाद कारखान्यासाठी कोळसा आणि लोहखनिज अंबा नदीतून धरमतरच्या जेट्टीवर येतं. अर्थात तिथे कारखाना काठावरच आहे. लोटे वर माळावर आहे, तिथून माल ट्रकने खाली आणायचा, बार्जमध्ये चढवायचा, म्हणजे दुप्पट हाताळणी. त्यामुळे बार्ज सुरू केले की झालं, असं मी म्हणणार नाही. सुरुवात यादीपासून व्हावी. खोऱ्यातला कोणता कारखाना काय घेतो, काय विकतो, काय फेकतो आणि एक बंद पडला तर कोण अडतं, हे एका जागी लिहिलेलं असावं. मग कळेल कुठला माल पाण्यातून न्यायचा आणि कुठला नाही.

आणि त्या यादीत एक नाव पहिलं असावं: खाडीवर पोट असलेला माणूस. शाळेतला माझा एक मित्र भोई समाजातला. त्याचे वडील खाडीत जाळं टाकायचे. मेलेले मासे पाण्यावर तरंगताना आम्ही दोघांनी काठावरून पाहिलेत. ते कशाने मेले, हे आम्हाला कोणी कधी सांगितलं नाही. दाभोळ खाडीतले मच्छीमार वर्षानुवर्षं सांडपाण्याबद्दल तक्रारी करतायत. त्यांचं न ऐकता याच खाडीला जलमार्ग म्हणायचं, तर ती साखळी पहिल्याच कडीला तुटलेली असेल. सांडपाण्याची मोजमापं रोज, मराठीत, गावाच्या चावडीवर दिसली पाहिजेत. बार्ज त्यानंतर.

जुलै २०२१च्या पुरात आमच्या घरात छातीएवढं पाणी होतं. त्यानंतर वाशिष्ठीतला गाळ काढायला सगळे एकत्र आले. म्हणजे संकट आल्यावर आपण नदीकडे एकत्र बघतो. मग रोजगारासाठी का नाही?

लोट्याला, अंजनवेलला, पोफळीला नोकरी केलेले अनेक काका-मामा हे वाचत असतील. कुठल्या कारखान्याचा माल कुठे जायचा, हे तुमच्याइतकं कोणत्याही कार्यालयाला ठाऊक नसेल. ते लिहून काढा, मुलांना सांगा. यादीची पहिली पानं तीच असतील. पुढच्या सुट्टीत मी घरी येतोय, वही घेऊन काकांपासूनच सुरुवात करणार आहे.