झोप हासुद्धा खुराकच आहे

"ताई, पाय परत मुरगळलाय. पट्टी बांधून द्या, उद्या पळायला जायचंय."

पोलीस भरतीची तयारी करणारा आमच्या वस्तीतला एक मुलगा दोन महिन्यांत तिसऱ्यांदा माझ्या दारात उभा होता. पट्टी बांधता बांधता मी खाण्याचं विचारलं. अंडी, भिजवलेले हरभरे, केळी, सगळं व्यवस्थित. आई चार घरची धुणीभांडी करून त्याच्या खुराकाला पैसे बाजूला काढते. मग झोपेचं विचारलं, तर हसला. "झोप काय ताई, भरती झाल्यावर झोपायचंच आहे." रात्री दहापर्यंत दुकानात काम, घरी येऊन जेवण, मग मोबाईलवर भरतीचे व्हिडिओ. साडेबाराला अंथरुणावर, पहाटे चारला मैदानावर. म्हणजे झोप साडेतीन तास.

पट्टी पायाला बांधली, पण दुखण्याचं मूळ त्या साडेतीन तासांत आहे हे पटवायला मला अर्धा तास लागला. आज तेच इथे लिहिते, कारण असा मुलगा किंवा मुलगी प्रत्येक वस्तीत आहे. कुणी भरतीसाठी पळतं, कुणी तालमीत जातं, कुणी फुटबॉल खेळतं. त्यांच्या दुधा-अंड्यांची काळजी आपण घेतो. झोपेची काळजी कोणीच घेत नाही.

मी परिचारिका म्हणून बरीच वर्षं रात्रपाळी केली. सलग चौथ्या रात्री, पहाटे चारच्या सुमाराला, मी ट्रेमधलं भलतंच इंजेक्शन उचललं होतं. लेबल डोळ्यांनी वाचलं, पण डोक्यात शिरलं नाही. शेजारच्या सिस्टरने हात धरला म्हणून निभावलं. मला झोप येते आहे असं त्या क्षणी वाटतही नव्हतं. झोप कमी पडली की आधी हेच होतं. हातापायांत ताकद असते, पण लक्ष सुटतं, आणि ते सुटल्याचं आपल्याला कळत नाही.

हे नुसतं माझं म्हणणं नाही. २००३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी माणसांना सलग १४ दिवस रोज सहाच तास झोपू दिलं. दोन आठवड्यांनंतर त्यांची सावधपणाची चाचणी घेतली, तर एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसांइतकी त्यांची घसरण झालेली होती. त्यांना स्वतःला मात्र आपण थोडेसेच पेंगुळलो आहोत असं वाटत होतं. "मला सहा तास पुरतात, सवय झालीय," असं आपली पोरं म्हणतात ना, ते याच चालीचं आहे.

खेळाडूंवरही असे प्रयोग झाले आहेत. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात ११ बास्केटबॉल खेळाडूंना काही आठवडे रोज दहा तास अंथरुणात काढायला सांगितलं. सराव तोच ठेवला. बास्केटमध्ये चेंडू टाकण्याची अचूकता सुमारे ९ टक्क्यांनी वाढली आणि पळण्याचा वेळही सुधारला. हा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. ब्रिटनमधल्या टेनिसपटूंना एक रात्र पाचच तास झोपू दिलं, तर त्यांच्या सर्व्हिसचा नेम चुकू लागला, आणि कॉफीतल्या कॅफीनने तो सुधारला नाही. मैदानावर जाण्याआधी दोन कप कडक चहा मारून 'फ्रेश' होणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. २०१४ च्या आणखी एका अमेरिकन अभ्यासात आठ तासांपेक्षा कमी झोपणाऱ्या शाळकरी खेळाडूंना दुखापत होण्याचं प्रमाण इतरांच्या १.७ पट आढळलं. पट्टी मागायला आलेला आमचा मुलगा याच हिशेबात बसतो.

असं का होतं? गाढ झोपेत शरीराची वाढ आणि डागडुजी करणारं हार्मोन जास्त प्रमाणात सुटतं. सकाळी शिकलेला नवा डाव मेंदू रात्रीच्या झोपेत पक्का करतो. झोप तुटली की स्नायूंची झीज भरून निघत नाही आणि शिकलेलंही निसटतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ज्या प्रकारात ब्राँझ मिळवलं, त्यात ५० मीटरवरच्या लक्ष्याचं दहा गुणांचं वर्तुळ जेमतेम शर्टाच्या बटणाएवढं असतं. तिथे दंडाच्या ताकदीपेक्षा शांत, जागं डोकं लागतं. पोलीस भरतीतही मैदानाचे ५० गुण आहेत आणि लेखीचे १००. नुसते पाय तयार करून भागत नाही.

विश्रांतीची किंमत कोल्हापूरला नव्याने सांगायला नको. खाशाबा जाधवांना १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला पाठवण्यासाठी राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, हे सगळे सांगतात. पुढचं कमी सांगितलं जातं. जपानच्या शोहाची इशीशी खाशाबांची कुस्ती पंधरा मिनिटांहून जास्त चालली. लगेच त्यांना सोव्हिएत पैलवान रशीद मम्मदबेयोवपुढे उभं केलं गेलं. नियमाने दोन कुस्त्यांमध्ये किमान अर्धा तास विश्रांती मिळायला हवी होती. पण खाशाबांची बाजू मांडायला तिथे आपला एकही अधिकारी नव्हता. दमलेले खाशाबा ती कुस्ती हरले आणि ब्राँझ घेऊन परतले. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. ताकद होती, डाव होते, गावाने पैसेही उभे केले होते. अर्धा तास मागून देणारं कोणी नव्हतं.

तालमीतले वस्ताद हे जाणतात. ते पहाटे उठवतात, पण दुपारी जेवणानंतर झोपायला लावतात आणि रात्री लवकर दिवा मालवायला सांगतात. आपल्या पोरांनी तालमीतून पहाटे उठणं तेवढं घेतलं, दुपारची झोप तिथेच सोडून दिली.

आता एक गोष्ट जरा जपून लिहिते. बाबासाहेब अठरा-अठरा तास अभ्यास करत, हे ऐकत आपण मोठे झालो. जयंतीला सलग अठरा तास वाचनाचा उपक्रम होतो, तो चांगलाच आहे. पण तो वर्षातला एक दिवस. तोच दाखला देऊन वाढत्या वयाच्या, रोज घाम गाळणाऱ्या मुलाला "झोपतोस काय आळशासारखा" म्हणणं बरोबर नाही. बाबासाहेब मजूरमंत्री असताना कामगारांच्या कामाचे तास कमी करण्यासाठी झटले. १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यातला कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आला. ज्यांनी स्वतः रात्री जागून काढल्या, त्यांनी दुसऱ्यांच्या विश्रांतीचा कायदा केला. आपण त्यातलं जागरण तेवढं का उचलावं?

झोपेचं माप सोपं आहे. १३ ते १८ वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास लागतात, मोठ्यांना किमान सात, आणि अंगमेहनतीचा सराव असेल तर त्याहून थोडी जास्त. एका खोलीच्या घरात हे कसं जमवायचं, असं तुम्ही विचाराल. मीही तशाच घरात वाढले. सगळं जमणार नाही, पण बरंच जमतं. खेळणारं मूल झोपलं की टीव्ही बंद आणि मोबाईल दुसऱ्याच्या हातात. रात्री काम करणाऱ्या मुलाने पहाटेऐवजी संध्याकाळी किंवा सुट्टीच्या वेळी पळावं. अपुरी झोप घेऊन पहाटे पळण्यापेक्षा ते बरं. दुपारी वीस-तीस मिनिटं डोळा लागला तरी लक्ष ताजं होतं. संध्याकाळनंतर चहा नको. झोपेच्या गोळ्या किंवा 'ताकदीच्या' गोळ्या मित्राच्या सांगण्यावरून अजिबात नकोत. रोज मोठ्याने घोरणं किंवा आठवडेच्या आठवडे झोप न लागणं असेल तर डॉक्टरांना दाखवा.

आणि मुलींचं काय? नळाला पाणी पहाटे येतं तेव्हा आपण कोणाला उठवतो? भाऊ खेळाडू असेल तर "झोपू दे त्याला". बहीण खेळाडू असली तरी घागर तिच्याच हातात. घरातल्या झोपेची वाटणी आधी सारखी करा, मग मुलगी मैदानात मागे का पडते ते विचारा.

काही गोष्टी एका घराच्या हातातल्या नाहीत, त्या वस्तीच्या हातात आहेत. रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकर बंद, आणि निवासी भागात रात्री आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल, हा नियम २००० सालापासून आहे. काही ठरावीक दिवशी सरकार बारापर्यंत सूट देतं, बाकी रात्रींना नाही. लग्नाची वरात असो, वाढदिवस असो की आपली स्वतःची मिरवणूक, हा नियम सगळ्यांना सारखा आहे. दुसऱ्यांच्या डीजेवर बोट ठेवण्याआधी आपला बंद करू.

दुसरं मागणं विहारांच्या समित्यांना आहे. भरतीच्या आदल्या रात्री परगावची मुलं स्टँडवर, फूटपाथवर, पुलाखाली पडलेली आपण पाहतो. वर्षभराची मेहनत डासांत आणि गाड्यांच्या आवाजात एका रात्रीत वाया जाते. कोल्हापुरात भरती असेल त्या दिवसांत आपली विहारं आणि समाजमंदिरं रात्री उघडी ठेवा. सतरंजी, पिण्याचं पाणी, पंखा आणि दहानंतर शांतता, एवढंच द्यायचं आहे. मूल कोणत्या समाजाचं आहे ते विचारू नका.

तो पट्टीवाला मुलगा आता संध्याकाळी पळतो. त्याच्या आईने दुकानदाराशी बोलून सुट्टीची वेळ बदलून घेतली. रात्री साडेदहाला तीच घरातला दिवा बंद करते. भरती होईल की नाही ते पुढे कळेल. पाय मात्र परत मुरगळलेला नाही. खाशाबांना हेलसिंकीत जो माणूस मिळाला नाही, तो या मुलाला घरातच मिळाला.