भाद्रपदातली रोपे, कार्तिकातली भाजी
बालाघाटच्या वैनगंगा खोऱ्यात भाद्रपदात बहुतेक जमीन धानाखाली असते, त्यामुळे हिवाळी भाज्यांची सुरुवात बांधालगतच्या, घराशेजारच्या उंच जागेवर होते. पाऊस ऑक्टोबरच्या सुमारास परततो. रोपे मात्र त्याआधीच तयार हवीत. म्हणून वांगी, टोमॅटो, फुलकोबी यांचे बी सुमारे 15 सेंमी उंच गादीवाफ्यावर टाकतात. सखल वाफ्यात पाणी तुंबले की कोवळी रोपे बुडाशी कुजून कोलमडतात, आणि महिन्याची मेहनत दोन रात्रींत जाते. सर्वांत नाजूक हिशेब फुलकोबीचा. तिचा गड्डा तापमान ओळखून धरतो, म्हणून वाणाची निवड खतापेक्षाही महत्त्वाची ठरते. पुसा दीपालीसारखा लवकरचा वाण उबेतही गड्डा धरतो; स्नोबॉल गटातल्या वाणांना खरी थंडी लागते. स्नोबॉल घाईने लावला तर नुसता पाला माजतो, लवकरचा वाण उशिरा लावला तर लिंबाएवढे गड्डे येतात. चार ते पाच आठवड्यांची रोपे शक्यतो संध्याकाळी, 45 सेंमी अंतरावर लावावीत. मेथी, पालक, मुळा थेट पेरतात. मेथी महिन्याभरात खुडायला येते. सांभाराचे, म्हणजे कोथिंबिरीचे, धने पेरणीपूर्वी रगडून दोन फाकी करतात. धान निघण्याआधी ओल्या बांधीत लाखोळी फेकून पेरण्याची जुनी ‘उतेरा’ पद्धतही इथलीच. लाखोळीचे कोवळे शेंडे भाजीला खुडले जातात.