गफूरचा बैल आणि बिननावाचा खाटीक

रमजान आला की संध्याकाळी मशिदीजवळच्या गल्लीत कबाबच्या शेगड्या पेटतात आणि त्याच सुमारास एक प्रश्नही दरवर्षी नव्याने विचारला जातो. दिवसभर उपाशी राहून भूक समजून घेणारी माणसे ज्या जनावराचे मांस खातात, त्याच्या वेदनेचे काय? कोणी हे कुत्सितपणे विचारतो, कोणी मनापासून. कुत्सिताला उत्तर देण्यात अर्थ नाही. मनापासून विचारणाऱ्याला मात्र ‘धर्मात परवानगी आहे’ एवढेच सांगून वाटेला लावणे बरे नाही. परवानगी आहे हे त्यालाही ठाऊक असते.

परवानगीबरोबर अटी आहेत, त्या मात्र फारशा सांगितल्या जात नाहीत. सुरी धारदार असावी आणि जनावराला होता होईल तो त्रास होऊ नये, हे पैगंबरांचे सांगणे ‘सहीह मुस्लिम’मध्ये नोंदलेले आहे. जनावराच्या डोळ्यांदेखत सुरीला धार लावू नये, असेही हदीसमध्ये आहे. तहानेल्या कुत्र्याला विहिरीत उतरून पाणी पाजणाऱ्याला माफी मिळाली आणि मांजर कोंडून उपाशी मारणारी बाई नरकात गेली, या दोन हदीस तर मदरशातल्या लहान मुलांनाही माहीत असतात. कुर्बानीचे मांस किंवा रक्त अल्लाहपर्यंत जात नाही, जाते ती करणाऱ्याची परहेजगारी, हा ‘हज’ सूरेतला विचारही अनेकांच्या परिचयाचा आहे. हे सगळे ऐकले जाते, आणि तरीही जनावरे टेंपोत दाटीवाटीने भरून आणली जातात. त्यांना पाणी पाजायचे राहून जाते.

या प्रश्नाला वादविवादापेक्षा साहित्य जास्त प्रामाणिकपणे भिडलेले दिसते. दहाव्या शतकात बसरा शहरात ‘इख्वान-उस-सफा’ नावाच्या विद्वानांच्या मंडळाने लिहिलेल्या पत्रग्रंथांपैकी एकात जनावरांनी माणसावर चक्क खटला भरला आहे. न्यायाधीश आहे जिन्नांचा राजा. माणसे म्हणतात, आम्ही मालक आणि ही आमची गुलाम. जनावरे म्हणतात, पुरावा दाखवा. खेचर, मेंढा, उंट एकामागून एक उभे राहतात आणि आपल्यावर होणारे जुलूम सांगतात. माणूस आपली चण, आपली बुद्धी, आपली कारागिरी पुढे करतो आणि प्रत्येक मुद्दा खोडून निघतो. शेवटी निकाल लागतो माणसाच्याच बाजूने, पण परलोक आणि तिथला हिशेब या आधारावर. म्हणजे सत्ता मिळाली ती जाब द्यायच्या बोलीवर. १८१० मध्ये कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजसाठी मौलवी इक्राम अली यांनी याचे उर्दू भाषांतर केले. हा खटला आज उर्दूच्या वर्गाबाहेर फारसा कोणी वाचत नाही, याचे वाईट वाटते. बकरी ईदच्या आधी तो घराघरात मोठ्याने वाचावा असा आहे.

टॉलस्टॉयचा ‘पहिली पायरी’ हा निबंध रमजानच्या दिवसांत हटकून आठवावा असा आहे. १८९२ साली प्रसिद्ध झालेल्या या निबंधाचा बराचसा भाग उपवास आणि संयम यांवरच आहे. चांगल्या आयुष्याची पहिली पायरी म्हणजे जिभेवर ताबा, असे तो मांडतो आणि मग वाचकाला तुला शहरातल्या कत्तलखान्यात घेऊन जातो. तिथले वर्णन अंगावर येते. पण त्याहून लक्षात राहतो तो खाटीककाम करणारा एक निवृत्त शिपाई. आधी तो नेहमीचेच बोलतो, की हे देवानेच ठरवून दिले आहे. नंतर हळूच कबूल करतो, की गरीब, माणसाळलेले जनावर विश्वासाने चालत येते तेव्हा फार वाईट वाटते. टॉलस्टॉयने मांस सोडले, इतरांनीही सोडावे असे त्याचे म्हणणे होते. त्याचे ते म्हणणे पटो वा न पटो, त्याने खाटकाशी बोलून पाहिले, त्याचे ऐकून घेतले.

अप्टन सिंक्लेअरने तर त्याच माणसांसाठी पुस्तक लिहिले. ‘द जंगल’ १९०६ साली आले. शिकागोच्या मांसकारखान्यांत राबणाऱ्या लिथुआनियन स्थलांतरितांचे हाल त्याला अमेरिकेला दाखवायचे होते. त्यात पाय बांधून उलटी टांगलेली डुकरे ओळीने पुढे सरकत जातात आणि लेखक मध्येच विचारतो, की यांचाही कुठे कोणी देव असेल का? लोकांनी पुस्तक वाचले, खळबळ उडाली, त्याच वर्षी मांस तपासणीचा कायदा झाला. लोकांना धास्ती पडली ती आपल्या ताटातल्या डब्याबंद मांसाची. हाडे मोडलेला कामगार मागे पडला आणि डुकरांचा देव त्याच्याही मागे. लोकांच्या काळजावर नेम धरला होता, तो पोटावर लागला, अशी खंत खुद्द सिंक्लेअरने व्यक्त केली.

इथल्या भाषांकडे वळले की एक गोष्ट डोळ्यांत भरते. प्रेमचंदांची ‘दो बैलों की कथा’ हिंदीच्या तासाला कितीतरी मुलांनी वाचलेली असते. हिरा आणि मोती हे बैल मार खातात, उपाशी राहतात, कोंडवाड्यात पडतात, लिलावात एका दाढीवाल्या, लाल डोळ्यांच्या, कठोर चेहऱ्याच्या माणसाला विकले जातात आणि त्याला चकवून घरी परत येतात. बैलांना नावे आहेत, मन आहे, एकमेकांशी बोलणे आहे. त्या गिऱ्हाइकाला मात्र दाढीखेरीज ओळखच नाही. याच लेखणीने रमजाननंतरच्या ईदेला आजीसाठी चिमटा आणणारा हमीद घडवला, तेव्हा प्रेमचंदांच्या मनात विखार होता असे कोणी म्हणणार नाही. पण बैलाबद्दल माया दाखवायला जो सोपा खलनायक हाताशी लागला, तो हा होता. नंतर सिनेमाने आणि गावगप्पांनीही तोच वापरला.

शरच्चंद्रांची ‘महेश’ ही कथा या सोप्या वाटेने गेलीच नाही. मामा वरेरकरांच्या भाषांतरांमुळे शरच्चंद्र मराठी घरांत घरच्यासारखे वाचले गेले, पण ही कथा ‘देवदास’इतकी चर्चेत राहिली नाही. गफूर हा गरीब मुसलमान विणकर. त्याच्या म्हाताऱ्या बैलाचे नाव महेश, म्हणजे साक्षात शंकराचे. गाव जमीनदाराचे, शास्त्र सांगणाऱ्यांचे. बैल उपाशी ठेवणे पाप आहे हे गफूरला सुनावणारे तर्करत्न त्याला मूठभर पेंढा उसना देत नाहीत. गफूर आपल्या झोपडीच्या छपराचे गवत ओढून महेशला घालतो. ताप आल्याचे सोंग करून आपल्या वाटणीचा भात त्याला देतो. महेश कोंडवाड्यात गेला तर घरचे पितळी भांडे गहाण टाकून सोडवून आणतो. कातड्याच्या हिशेबाने बैलाची किंमत करणारे आले, तर संतापून त्यांना हाकलतो. हे गिऱ्हाईक त्याच्याच धर्माचे आहे, तरीही.

आणि मग भर जेठातल्या दुपारी, जमीनदाराकडून मार खाऊन घरी आलेला हाच गफूर महेशच्या डोक्यात नांगराचा तुकडा घालतो. लेक आमिना मुसलमान, म्हणून तिला पाण्याला हात लावायची मुभा नव्हती. कोणी ओतून देईल तेव्हा तासन्‌तास थांबून आणलेले ते पाणी तहानेल्या बैलाने धक्का देऊन सांडले, एवढे कारण. महेश मरतो. चामड्याचे काम करणारे सुऱ्या घेऊन येतात तेव्हा गफूर डोळे मिटून घेतो. रात्री तो लेकीला घेऊन तागाच्या गिरणीकडे निघून जातो. जाताना अल्लाहकडे दाद मागतो ती स्वतःच्या माफीची नव्हे. ज्यांनी महेशला अल्लाहनेच दिलेले गवत आणि पाणी मिळू दिले नाही, त्यांना माफ करू नकोस, असे तो म्हणतो. या कथेत कत्तलखाना नाही, तरी बैल मेलाच. तो कुणाच्या हातून मेला आणि कुणामुळे मेला, ही दोन उत्तरे वेगळी आहेत.

महाराष्ट्रात मार्च २०१५ पासून गायीबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आहे. त्यामागे श्रद्धा आहे, तिचा मान ठेवायलाच हवा. पण दुष्काळी वर्षात म्हाताऱ्या बैलाला वैरण कोण घालणार, हा गफूरचा प्रश्न कायद्याने सुटत नाही. आठवडी बाजारात उभ्या असलेल्या शेतकऱ्याला तो रोज पडतो, मग त्याचा धर्म कोणताही असो.

मराठीत या विषयाची दुसरी बाजू दलित आत्मकथनांनी दाखवली. दया पवारांच्या ‘बलुतं’मध्ये (१९७८) मेलेले जनावर ओढणे, सोलणे, त्याच्या मांसाचे वाटे घालणे हे गावाने ज्यांच्यावर लादले त्यांच्या तोंडून ऐकायला मिळते. शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’मध्ये त्याच मांसाच्या पाककृती आहेत. गाव जनावराची पूजा करत होते आणि त्याचे मढे उचलणाऱ्याला वेशीबाहेर ठेवत होते. एवढे वाचल्यावर क्रूर कोण आणि कनवाळू कोण, हे ताटावरून ठरवणे अवघड जाते.

खाटीककाम करणारे कुरेशी मुसलमान आहेत तसे हिंदू खाटीकही आहेत. दोघांची दुकाने कित्येक गावांत एकाच बाजारात असतात. पहाटे अंधारात उठून, ओल्या फरशीवर उभे राहून, लोकांच्या ताटातले काम लोकांच्या नजरेआड उरकणारी ही माणसे घरी जाऊन काय बोलतात, कोणत्या जनावरापाशी त्यांचा हात अडखळतो, हे त्यांच्याच शब्दांत सांगणारे मराठी पुस्तक गावच्या वाचनालयात सहज हाती लागत नाही. टॉलस्टॉयला जो शिपाई भेटला, तसा माणूस प्रत्येक गावात आहे. रमजानमध्ये तर तोही रोजा धरून उभा असतो.