चाल किती वाढू शकते?

शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या जुगाराच्या बातम्या ठरलेल्या साच्यातल्या असतात. पत्र्याचे शेड किंवा ओढ्याकाठची झाडी, गोल करून बसलेली माणसे, पोलिसांचा छापा, जप्त झालेली रोकड, मोबाइल, दुचाकी आणि शेवटी महाराष्ट्र जुगार प्रतिबंधक कायद्याचे कलम. हा कायदा मुळात १८८७ चा. खेळाबद्दल बातमीत ‘तीन पत्ती नावाचा जुगार’ एवढेच येते. बूट किती रुपयांचा होता, चाल किती वेळा दुप्पट करायची मुभा होती, बैठक भरवणारा नाल किती काढत होता, हे कुणी विचारत नाही. पोलिसांना त्याची गरज नसेलही. डॉक्टरांना आणि घरच्यांना मात्र ती आहे, कारण माणूस किती लवकर आणि किती खोल बुडणार हे बरेचसे या तीन आकड्यांवर ठरते.

पोकर खेळणाऱ्यांनी पैसे लावण्याच्या पद्धतींना फार पूर्वीच नावे दिली आहेत. ‘फिक्स्ड लिमिट’मध्ये चाल ठरलेल्या रकमेनेच वाढते आणि एका फेरीत ती किती वेळा वाढवायची यालाही बंधन असते. सुरुवातीच्या दोन फेऱ्यांत १० रुपयांची, पुढच्या दोन फेऱ्यांत २० रुपयांची चाल, आणि प्रत्येक फेरीत एक चाल व तीन वाढी, असा नियम धरला तर एका डावात एकाचे जास्तीत जास्त २४० रुपये जातात. त्याहून जास्त घालवायचे ठरवले तरी घालवता येत नाहीत. ‘पॉट लिमिट’मध्ये मधल्या ढिगाएवढी चाल करता येते. ढीग ३० रुपयांचा असेल, एकाने ३० लावले आणि समोरच्याने तेवढेच टाकले, तर ढीग ९० चा होतो. मग २७०, मग ८१०, मग २,४३०. चार फेऱ्यांत प्रत्येकाचे १,२०० रुपये आत. तिसरी पद्धत ‘नो लिमिट’. इथे पुढ्यातले सगळे पैसे एका चालीत लोटता येतात. पत्ते तिन्हीकडे तेच ५२. खिशावरचा परिणाम मात्र इतका वेगळा की त्यांना एकच खेळ म्हणणे आरोग्याच्या दृष्टीने निरर्थक आहे.

आपली तीन पत्ती यांपैकी कशात बसते? न बघता खेळणाऱ्याला निम्मी चाल, बघून खेळणाऱ्याला दुप्पट, आणि प्रत्येकाला आधीची चाल दुपटीपर्यंत चढवायची मोकळीक. बूट १० रुपयांचा आहे आणि दर फेरीला चाल दुप्पट होते आहे असे धरा. बघून खेळणाऱ्याचे २०, ४०, ८०, १६०, ३२०, ६४० असे जातात. सहा फेऱ्यांत बूटासह १,२७० रुपये. दहा रुपयांच्या डावात बसलेला माणूस चहा गार व्हायच्या आत रोजंदारीच्या दोन-तीन दिवसांची कमाई देऊन बसतो. त्यातही पोकरच्या नेहमीच्या प्रकारांत फेऱ्या मोजक्या असतात. त्या संपल्या की पत्ते उघडायचेच. तीन पत्तीत दोनापेक्षा जास्त गडी टिकून असतील तर डाव कधी संपवायचा हे नियमात नाही. कुणीतरी पत्ते टाकेपर्यंत चाल फिरत राहते. आणि ज्याने पत्ते पाहिलेलेच नाहीत त्याला स्वस्तात खेळू देणारा नियम म्हणजे माहिती न घेता पैसे लावण्याला दिलेली सूटच. काही बैठकांत चालीला किंवा ढिगाला आधीच मर्यादा घालतात. ज्यांनी ती पद्धत घातली त्यांनी, जुगार सुटला नसला तरी, पुष्कळ घरे वाचवली असतील.

तीन पत्त्यांच्या २२,१०० जुळण्यांपैकी १६,४४० मध्ये, म्हणजे शंभरात सुमारे ७४ वेळा, जोडीसुद्धा नसते. जोडी शंभरात १७ वेळा येते. हे आकडे सगळ्या गड्यांना सारखेच लागू असल्याने पत्त्यांकडून कुणावर अन्याय होत नाही. तरीही लहान खिशाचा माणूस संपतो. याचे गणित सतराव्या शतकात पास्कल आणि हायगेन्स यांनी मांडले. एकाकडे १,००० रुपये, समोरच्याकडे एक लाख, खेळ अगदी बरोबरीचा, तरी एकाचे सगळे जाईपर्यंत खेळले तर हजारवाला शंभरात ९९ वेळा आधी रिकामा होतो. दर वेळी १० रुपये लावले तर त्याला सरासरी दहा लाख डाव लागतात. १०० रुपये लावले तर फक्त दहा हजार. चाल दहापट केली की शेवट शंभरपट जवळ येतो. ‘थोडं मोठं खेळू, लवकर निघेल’ असे म्हणणाऱ्याच्या लक्षात हेच येत नाही.

त्यात नाल. पाच जण प्रत्येकी हजार रुपये घेऊन बसले, ढीग सरासरी ५०० चा झाला आणि त्यातून शेकडा पाचाने नाल निघाला, तर शंभर डावांनंतर पाच हजारांतले अडीच हजार बैठकवाल्याकडे गेलेले असतात. उठताना प्रत्येक जण दुसऱ्याने जिंकले असेल असे समजतो.

या भागात पैसा हातात येण्याची रीतही या रचनेला पूरक आहे. दौंडकडे उसाचे बिल एकरकमी येते, शिरूरकडे रांजणगाव आणि सणसवाडीच्या कारखान्यांचा पगार ठरल्या तारखेला. पोकरच्या ‘नो लिमिट’मध्येसुद्धा डाव चालू असताना खिशातून नवे पैसे काढता येत नाहीत, टेबलावर जेवढे आहेत तेवढीच शेवटची हद्द. मोबाइलवरून पैसे पाठवता यायला लागल्यापासून आणि सतरंजीवरच व्याजाने देणारा बसलेला असला की ही हद्दही उरत नाही. उसाचे बिल, मुलीच्या फीचे पैसे, सोनेतारण कर्ज, सगळे पुढ्यातच.

मेंदूच्या बाजूने पाहिले तरी रचनाच महत्त्वाची ठरते. बक्षीस कधी मिळेल हे ठरलेले नसले की सवय सर्वांत चिवट होते, हे स्किनरच्या प्रयोगांपासून माहीत आहे. २००९ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी जुगाराच्या यंत्रासारख्या खेळावर दाखवले की ‘थोडक्यात हुकले’ या अनुभवानेही मेंदूतले जिंकण्याशी जोडलेले भाग चेततात. कलर एका पत्त्याने हुकला तर तो ‘हरलो’ म्हणत नाही, ‘येत होता’ म्हणतो. डाव जितके झटपट आणि चाल जितकी चढती, तितके असे क्षण जास्त आणि महाग. अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ मध्ये जुगाराच्या विकाराला दारू-अफूच्या व्यसनांशेजारी जागा दिली ती उगीच नाही. नऊ लक्षणांपैकी चार वर्षभरात दिसली तर निदान होते. गेलेले परत काढायला पुन्हा बसणे, घरी खोटे बोलणे आणि तोच आनंद मिळायला रक्कम वाढवत नेणे ही त्यातली तीन.

आपल्याकडची कायद्याची चर्चा मात्र दीर्घकाळ कौशल्य की नशीब यातच फिरली. १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर मुंबई राज्यातल्या शब्दकोड्यांचे प्रकरण आले, १९६८ मध्ये त्याच न्यायालयाने रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ ठरवला आणि पुढे ऑनलाइन कंपन्यांनी त्याचाच आधार घेतला. ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैशाच्या ऑनलाइन खेळांपुरता हा भेद पुसला आणि खेळणाऱ्याला शिक्षेपासून दूर ठेवले, हे योग्यच झाले. कौशल्य असलेला माणूसही मर्यादा नसलेल्या डावात रात्री दोन वाजता थकून, उधारीवर खेळत असतो. पण हा कायदा ॲपपुरता आहे. झाडीतल्या बैठकीसाठी अजून १८८७ चाच, आणि तो माणसाला रुग्ण म्हणून पाहतच नाही.

म्हणून झोप उडाली, छातीत धडधडते, दारू वाढली अशा तक्रारी घेऊन या दोन तालुक्यांतला तरुण प्राथमिक आरोग्य केंद्रात आला, तर तंबाखू-दारूच्या जोडीने तीन प्रश्न विचारले जावेत. पत्ते किंवा आकडा खेळतोस का? एका डावात जास्तीत जास्त किती जाऊ शकतात? पैसे संपले की तिथेच उसने मिळतात का? दुसऱ्या प्रश्नाला ‘तसं काही ठरलेलं नसतं’ असे उत्तर आले तर त्याला तसेच घरी पाठवू नये. घरच्यांनीही शपथा घालण्याआधी अनेक बँकांच्या ॲपमध्ये असलेली रोजच्या व्यवहाराची मर्यादा त्याच्याच संमतीने खाली आणावी आणि उसाचे बिल ज्या खात्यात येते त्याचे कार्ड काही महिने दुसऱ्याकडे ठेवावे. कर्जाच्या ओझ्याने जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा निघाली तर थांबू नये. ‘टेलिमानस’चा १४४१६ हा सरकारी क्रमांक दिवसरात्र चालू असतो, फोन फुकट लागतो आणि पलीकडे मराठीत बोलता येते.