टेकडीची वाट मातीचीच हवी

पुणे समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटर उंचीवर वसलेलं आहे आणि वेताळ टेकडीचा माथा 800 मीटरच्या आसपास आहे. गोखलेनगर, पंचवटी, लॉ कॉलेज किंवा पौड रस्ता, कुठल्याही बाजूने चढायला लागलं की अर्ध्या तासात दोनशे मीटरची चढण पायाखालून जाते. डोंगरवाटांवर धावण्याच्या, ज्याला आता सगळेच ट्रेल रनिंग म्हणतात, सरावासाठी याहून काय हवं? हनुमान टेकडी आहे, चतुःशृंगी आहे, पर्वती-तळजाईचा पट्टा आहे. मुंबईकरांच्या वाट्याला तर बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान आलं आहे, शंभर चौरस किलोमीटरहून मोठं. शहराच्या इतक्या जवळ इतकं रान असणं ही आपली खरी श्रीमंती आहे. या श्रीमंतीला जोडणाऱ्या पायवाटांची देखभाल मात्र कुणाच्याच यादीत नाही.

धावणाऱ्यांची संख्या वाढली आहे, हे रविवारी पहाटे कुठल्याही टेकडीच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या दुचाक्या पाहून कळतं. सिंहगड, राजगड आणि तोरणा ही गिर्यारोहकांची जुनी दमछाक करणारी वाट. सिंहगड उतरून विंझरकडे यायचं, गुंजवणे गाठून राजगड चढायचा, संजीवनी माचीच्या अळू दरवाजातून बाहेर पडून डोंगरधारेने तोरण्याची बुधला माची धरायची आणि शेवटी वेल्ह्यात उतरायचं. पाठीवर सॅक घेऊन दोन-तीन दिवसांत व्हायची ती भटकंती आता ‘एसआरटी अल्ट्रा’ या शर्यतीत 53 किलोमीटरच्या अंतरात एका दमात पळत पार केली जाते. साताऱ्याची हिल मॅरेथॉन यवतेश्वरच्या घाटात होते, ती डांबरी रस्त्यावर; पण तिच्यामुळे हजारो माणसांना चढावर पळायची गोडी लागली आणि त्यातले बरेच पुढे मातीकडे वळले.

यात शहरी हौस आहेच, पण मातीवर पळणं हे महाराष्ट्राला नवं नाही. ‘सावरपाडा एक्स्प्रेस’ म्हणून ओळखली गेलेली कविता राऊत नाशिक जिल्ह्यातल्या डोंगराळ पाड्यावरची. 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये तिने कांस्यपदक मिळवलं. रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठणारी ललिता बाबर माण तालुक्यातल्या मोहीची. त्यांच्या पायांना आधी माती कळली, ट्रॅक नंतर आला.

आता जरा त्या मातीकडे जवळून पाहू. पुण्याच्या टेकड्या बेसॉल्टच्या. त्यावर मुरूम आणि मुरमावर वीतभर माती, तीही गवताच्या मुळांनी धरून ठेवलेली. मूळची वाट उताराला तिरकी, वळणावळणाने वर जाणारी असते. कुणीतरी घाईत दोन वळणं छेदून सरळ खाली उतरतं. दुसऱ्या दिवशी त्याच खुणेवरून आणखी दहा जण जातात. महिन्याभरात गवत मरतं आणि मुरूम उघडा पडतो. मग पाऊस येतो. पाण्यालाही सरळ उतारच आवडतो, त्यामुळे ते ही नवी चोरवाट पकडतं आणि दोन पावसाळ्यांत तिथे गुडघाभर खोल घळ तयार होते. सुटा मुरूम पायाखाली गोट्यांसारखा सरकतो, म्हणून लोक घळीच्या कडेने चालू लागतात आणि वाट आणखी रुंद होते. वेताळ टेकडीच्या कोणत्याही बाजूला ही घळ दिसेल. ती एकाच्या पायाने पडलेली नसते आणि एकट्याने बुजवताही येत नाही.

यावर आपल्याकडे एकच इलाज माहीत आहे. पेव्हर ब्लॉक, सिमेंटच्या पायऱ्या, कठडा, जमलं तर दोन व्यायामाची यंत्रं आणि उद्घाटनाची पाटी. सिमेंटवर पडलेलं पाणी मुरत नाही. ते कडेला धावतं आणि ब्लॉकखालची माती पोखरतं, म्हणजे घळ तशीच राहते, फक्त तिच्या शेजारी तुटके ब्लॉक येतात. वृद्धांना आणि गुडघेदुखी असणाऱ्यांना पायथ्याजवळ सपाट, पक्की वाट हवी हे शंभर टक्के मान्य. त्यासाठी माथ्यापर्यंत सिमेंट न्यायची गरज नाही.

खरा इलाज स्वस्त आहे आणि त्याला फक्त अक्कल व हात लागतात. वाटेला आडवी पण किंचित तिरकी अशी मोठ्या दगडांची ओळ अर्धवट पुरायची, म्हणजे वाहतं पाणी अडून गवतात वळतं. चढ तीव्र असेल तर अशा ओळी जवळजवळ, सौम्य असेल तर लांब लांब. वाटेचा पृष्ठभाग उताराच्या बाजूला थोडा झुकता ठेवायचा. चोरवाटेच्या दोन्ही तोंडांना बाभळीच्या किंवा बोरीच्या काटेरी फांद्या टाकून ती बंद करायची आणि गवताला दोन पावसाळे द्यायचे. शेताचे बांध घालणाऱ्या कुठल्याही माणसाला हे सांगावं लागत नाही. पाणलोटाची इतकी कामं ज्या राज्यात झाली, तिथे टेकडीच्या वाटेला हे ज्ञान लागू होऊ नये, याचं वाईट वाटतं.

हे हात कुठून आणायचे, याचं उत्तर पळणाऱ्यांच्या जगातच आहे. कॅलिफोर्नियातली ‘वेस्टर्न स्टेट्स’ ही शंभर मैलांची शर्यत मुळात घोड्यांची. 1974 साली गॉर्डी एन्स्ली नावाचा माणूस घोड्याविना त्याच मार्गावर पळाला आणि चोवीस तासांच्या आत पोहोचला. तिथून तिचा इतिहास सुरू झाला. आज तिथे पळायचं तर आधी आठ तास स्वयंसेवा केल्याचं दाखवावं लागतं, वाटांच्या दुरुस्तीवर किंवा दुसऱ्या शर्यतीत मदत करून. जगभरातले नावाजलेले धावपटू ही अट पाळतात. आपल्याकडे प्रवेशशुल्कात टी-शर्ट, पदक आणि नाश्ता मिळतो. त्या शुल्काबरोबर एका सकाळचं श्रमदान का मागू नये? सह्याद्रीत गडांवर टाकी उपसणाऱ्या आणि तटबंदी साफ करणाऱ्या तरुणांची कमी नाही, म्हणजे सवय आहे. ती पायवाटेपर्यंत आणायची आहे. शर्यतीनंतर झाडाला अडकलेल्या फिती, खडकावर रंगवलेले बाण आणि जेलची रिकामी पाकिटं उचलणं हे तर श्रमदानातही धरू नये. ती आयोजकांची किमान जबाबदारी आहे.

पळणाऱ्यांकडून आणखी एक अपेक्षा आहे. टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते, तीही ऐन उन्हाळ्यात. वाट सोडून गवतातून पळणाऱ्याला ती दिसतसुद्धा नाहीत. पिवळ्या कॉसमॉसचं परदेशी तण टेकड्यांवर पसरलं आहे आणि त्याचं बी कपड्यांना, मोज्यांना चिकटून पुढच्या टेकडीवर जातं. राष्ट्रीय उद्यानात तर नियम आणखी कडक हवेत आणि ते पाळायलाच हवेत. तिथे बिबटे राहतात. पहाटेच्या आणि संध्याकाळच्या अंधुक उजेडात ते हिंडतात, आणि वेगाने पळणारी आकृती बिबट्याला काय वाटेल हे कुणी सांगू शकत नाही. परवानगी असलेल्या वाटा, ठरलेल्या वेळा आणि सोबत या तीन गोष्टींवर तिथे वाद घालू नये. जंगल हे व्यायामशाळा म्हणून राखलेलं नाही.

मात्र नियम पाळणाऱ्या पळणाऱ्याचा जंगलाला उपयोगही होतो. मार्चमध्ये वाळल्या गवताला वणवा लागतो तेव्हा धूर सर्वांत आधी त्यालाच दिसतो. ताजी तोड, राडारोड्याचा नवा ढीग, कुंपणाची सरकलेली हद्द हे रोज त्याच वाटेने जाणाऱ्याच्या नजरेतून सुटत नाही. बालभारती ते पौड फाटा या प्रस्तावित रस्त्याविरुद्ध वेताळ टेकडीसाठी पुणेकर रस्त्यावर उतरले, त्यात रोज टेकडी चढणारे मोठ्या संख्येने होते. ज्या टेकडीवर माणसं जात नाहीत तिच्यासाठी मोर्चे निघणं अवघड असतं. महापालिकेत समाविष्ट झालेल्या गावांतल्या, जैवविविधता उद्यानासाठी आरक्षित टेकड्यांची हीच अडचण आहे. नकाशावर त्या हिरव्या आहेत, प्रत्यक्षात त्यांच्यावर फिरकणारे कमी आणि पायथ्याची बांधकामं जास्त. तिथे आधी एक साधी, नीट आखलेली मातीची पायवाट द्यावी. माणसांचा वावर वाढला की हद्दीवर लक्षही राहील.

वनविभाग आगीसाठी दरवर्षी जाळरेषा काढतो, त्याच धर्तीवर पायवाटांचं काम वार्षिक वेळापत्रकात यावं. वनविभाग, महापालिका आणि धावणाऱ्यांचे गट यांनी एकेक टेकडी वाटून घ्यावी. दिवाळीनंतर कुठल्या वाटेवर घळ पडली याची पाहणी, उन्हाळ्यात दगडांच्या ओळी आणि चोरवाटांची बंदी, आणि हे सगळं मेअखेरीपर्यंत पुरं. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात छत्री घेऊन वर जावं आणि पाणी कुठल्या दगडाला टाळून जातंय ते पाहावं. पुढच्या वर्षी काम तिथूनच सुरू करता येतं.