पाव मीटर कापड

पाव मीटर कापड मागितलं की दुकानदाराच्या कपाळाला आठी पडते, याचा या आठवड्यात मला मनापासून राग आला. माझी भाची नाशिकच्या गंगापूर रोडला गोधडीच्या कापडाचं छोटं दुकान टाकतेय. भाव काढायला आम्ही दोघींनी मेन रोड, कापड पेठ पालथी घातली. साधं सुती कापड, सहा रंगांचं, पाव-पाव मीटर हवंय म्हटल्यावर एका जुन्या दुकानात उत्तर मिळालं, "ताई, अर्ध्या मीटरच्या खाली आम्ही फाडत नाही. चिंध्या हव्या असतील तर शिंप्याकडे बघा."

गोधडी शिवणाऱ्या बाईला एकाच रंगाचं अर्धा मीटर कापड घेऊन करायचंय काय? तिला वीतभर लाल हवा असतो, तोही नेमका शेजारच्या हिरव्याला उठाव देणारा. आपल्याकडच्या गोधड्यांवर गीता खंडेलवाल यांनी इंग्रजीत आख्खं पुस्तक केलं आणि ते फ्रान्समधल्या प्रकाशकाने छापलं. इथे मात्र त्याच कामासाठी कापड मागणाऱ्या बाईला शिंप्याच्या दुकानातला केर दाखवतात.

गोधडीला कापड विकत कशाला घ्यायचं, असं आमच्याच घरात दोघा-तिघांनी विचारलं. घरातली जुनी लुगडी, धोतरं घ्यावीत, थर लावावेत, धावदोरा घालावा, एवढं तर काम. पण जुनं सुती लुगडं आता आहे कुणाच्या घरी? आपण सगळ्या जॉर्जेट आणि पॉलिस्टरवर आलो त्याला जमाना झाला. ते कापड विरत नाही, मऊ होत नाही, थर एकावर एक बसत नाहीत, सुईखालून निसटतात. घरातलं सूत संपलं म्हणून गोधडी थांबली. बायकांचा हात काही थांबलेला नाही. निफाडला कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा दर हिवाळ्यात बातमीत येतो, आणि त्या थंडीत आपण मॉलमधलं ॲक्रिलिक ब्लँकेट ओढून झोपतो. त्यात घाम येतो, ऊब येत नाही, हे माझं ठाम मत आहे.

म्हणून असं दुकान हवं. भाचीचं काम मी जवळून बघतेय. 'प्युअर कॉटन' म्हणून आलेल्या ताक्यातले दोन-चार धागे ती उपसते आणि काडी लावते. सूत असेल तर कागदासारखं जळतं, तसाच वास येतो आणि बोटात मऊ राख चुरगळते. पॉलिस्टर मिसळलेलं असेल तर टोकाला काळा कडक मणी धरतो. मणी दिसला की ताका परत. मग कडेला कात्रीचा छोटा छेद देऊन ती कापड दोन्ही हातांनी फाडते, कारण फाडलेलं कापड धाग्याच्या रेषेत सरळ जातं, कात्री तिरकी पळते. लाल आणि निळं आधी भिजवून बघायचं, रंग सोडतंय का ते. खळ धुऊन काढायची. एक थर आटला आणि दुसरा नाही, तर पहिल्याच धुण्यात गोधडीभर चुण्या पडतात.

मालेगाव आपल्याच जिल्ह्यात, तिथे यंत्रमाग रात्रंदिवस खडखडतात. येवल्यात हातमाग आहेत. तरी हवं तसं छापील सुती कापड तिला पार राजस्थानातून, सांगानेर-बगरूहून मागवावं लागतंय. घाऊकवाला अख्खा ताका घ्यायला लावतो, गिऱ्हाईक पाव मीटर मागतं, आणि मधले सगळे पैसे मांडणीवर अडकून पडतात. लहान दुकानाची खरी ओढाताण ती. भाड्याचं पुढचं पुढे.

आणि कराचं काय? हे मी लिहिणारच. २२ सप्टेंबर २०२५ पासून २५०० रुपयांपर्यंतच्या सुती रजईवर ५ टक्के जीएसटी आहे, त्यावरच्या किमतीला १८ टक्के. आता हिशोब मांडू. दोघांच्या पलंगाची गोधडी म्हणजे साधारण ९० बाय १०० इंच. कापडाचा पन्हा ४४ इंच, म्हणजे एका थराला पाच मीटर, तीन थरांना पंधरा. मीटरला सव्वाशे रुपये धरले तर कापडाचेच १८७५ झाले. २५०० च्या आत राहायचं तर दोरा, धुणं आणि मजुरी मिळून उरतात ६२५. दाट टाक्यांची मोठी गोधडी हाताने महिन्याच्या आत उरकत नाही. महिन्याची मजुरी ६२५ रुपये? बाईला रास्त दाम दिला की ती गोधडी चैनीची वस्तू ठरते आणि १८ टक्क्यांत जाते. नुसतं कापड विकलं तर ५ टक्के. वर्षाला ४० लाखांच्या आत उलाढाल असलेल्या दुकानाला नोंदणीची सक्ती नाही, हे खरं. पण तीच गोधडी मोठ्या शोरूममध्ये ठेवायला दिली की कर लागलाच. हाताने शिवलेल्या गोधडीला ही २५०० रुपयांची मर्यादा नकोच. पुढच्या अर्थसंकल्पाआधी नाशिकच्या आमदार-खासदारांनी हे कुठेतरी बोलावं, अशी माझी मागणी आहे.

दुकान संक्रांतीच्या आधी उघडतंय. पाव मीटर कापड हसतमुखाने फाडून मिळेल, तेवढं मी भाचीकडून कबूल करून घेतलंय. एका मांडणीवर जुनं सुती कापडही राहणार आहे, कारण आतल्या थराला विरलेल्या लुगड्याइतकं चांगलं काही नाही. ते ती विकत घेणार आहे, फुकट नको. माळ्यावरच्या ट्रंकेत आजीची लुगडी असतील तर धुऊन आणा. विटलेली चालतील, मधोमध फाटलेली चालतील. काठ मात्र उसवून ठेवून घेऊ नका, गोधडीच्या कडेला तेच लावायचेत.